२०० म्हणा आणि मोकळे व्हा

वेब एपीआय कसा लिहावा हे शिकवणारी पुस्तकं ढिगाने मिळतात. क्वेरी नीट चालली तर काय पाठवायचं, ते त्यांत पहिल्या प्रकरणापासून असतं. क्वेरी फसली तर काय पाठवायचं, ते शेवटच्या प्रकरणात; तिथवर वाचक पोचत नाही आणि पोचला तरी लेखक दमलेला असतो. ती उणीव भरून काढावी म्हणून ही मार्गदर्शिका. हिचा नेमाने अभ्यास केल्यास अगदी नवखा विद्यार्थीसुद्धा असा एरर पाठवू लागेल की वाचणाऱ्याला त्यातून काही कळणार नाही, आणि कळलंच तर ते चुकीचं असेल. पूर्वतयारी लागत नाही. शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय करायची घाई असली की पुरे.

धडा पहिला : सगळ्यांना २००

एचटीटीपीच्या प्रत्येक उत्तराच्या माथ्यावर तीन आकडी स्टेटस कोड असतो. त्यातला पहिला आकडा बघितला तरी भागतं. २ म्हणजे काम झालं. ३ म्हणजे दुसरीकडे बघा. ४ म्हणजे मागणाऱ्याचं चुकलं, ५ म्हणजे देणाऱ्याचं. (१ क्वचित भेटतो; भेटला तर नमस्कार करून पुढे जावं.) ही युक्ती वेबची नाही. फाइली पाठवणाऱ्या एफटीपीत आणि ईमेल पोचवणाऱ्या एसएमटीपीत ती आधीपासून होती. उलट टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या पहिल्यावहिल्या एचटीटीपीत कोड नव्हतेच. काही बिघडलं की सर्व्हर माणसाला वाचता येईल अशा एचटीएमएलमध्ये चार शब्द लिहून पाठवायचा. हे उत्तर आहे की एरर, ते मजकूर वाचल्याशिवाय ओळखायची सोय नाही, असं त्या वेळच्या टिपणात सरळ लिहून ठेवलंय. पुढे आकडे आले, १९९६ च्या एचटीटीपी १.० च्या आरएफसी नावाच्या दस्तऐवजात ते पक्के झाले, आणि काम फसल्याचं यंत्रांनाही कळू लागलं. आपल्याला परत १९९१ कडे जायचंय.

रस्ता सोपा आहे. डेटाबेस पडला, २००. टोकन संपलं, २००. क्वेरीत कंस बंद करायचा राहिला, २००. फार तर आत कुठेतरी ‘सक्सेस : फॉल्स’ लिहा. पण एका एंडपॉइंटवर ‘सक्सेस’, दुसऱ्यावर ‘स्टेटस’, तिसऱ्यावर ‘इज व्हॅलिड’ असं असू द्या. आणि ‘फॉल्स’ कधी बूलियन असावा, तर कधी अवतरणचिन्हांतला नुसता शब्द. अवतरणातला ‘फॉल्स’ जावास्क्रिप्टच्या ‘इफ’मध्ये खरा धरला जातो, हा वरचा नफा.

फायदे ताबडतोब दिसतात. मॉनिटरिंगचा डॅशबोर्ड हिरवागार राहतो, कारण तो ५ ने सुरू होणारे आकडे मोजतो आणि ते तुम्ही पाठवतच नाही. महिनाअखेरच्या अहवालात उपलब्धता शंभर टक्के. शिवाय २०० चं उत्तर वाटेतले कॅशे साठवून ठेवू शकतात, त्यामुळे तुमच्याकडे दोन मिनिटं टिकलेला बिघाड लोकांना तासभर पुरतो.

हे फक्त होतकरू मंडळी करतात असं मात्र नाही. स्लॅकचा वेब एपीआय बहुतेक चुका २०० नेच कळवतो. आत ‘ओके : फॉल्स’ लिहून शेजारी ‘इनव्हॅलिड ऑथ’सारखा ठरलेला शब्द ठेवतो. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीचा एपीआयही तसाच, फक्त तो एरर असल्याचं एका वेगळ्या हेडरमध्येही सांगतो. पत्त्यावरून जागा शोधणारा गूगलचा एपीआय २०० च्या आत ‘झिरो रिझल्ट्स’ आणि ‘ओव्हर क्वेरी लिमिट’ असे निरनिराळे शब्द देतो. या तिघांना अर्धेच गुण. २०० पाठवलं ते ठीक, पण आतले शब्द ठरावीक ठेवले आणि वर त्यांची यादीही छापली. अशाने कोणीही समोर बसून नीट प्रोग्राम लिहू शकतो.

धडा दुसरा : ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ एकच माना

हा धडा सगळ्यांत महत्त्वाचा. बाकीचे विसरलात तरी चालेल.

कुठल्याही क्वेरीला ‘रिकामी यादी’ हे एक सच्चं उत्तर असू शकतं. शोधलं, नीट शोधलं, काही सापडलं नाही. आणि दुसरी एक अवस्था असते: शोधताच आलं नाही. या दोन गोष्टी एकमेकींपासून जितक्या लांब आहेत तितक्या लांब यश आणि अपयशही नसतील, कारण अपयश निदान दिसतं तरी. कुशल एपीआयकाराने या दोन्हींसाठी एकच उत्तर पाठवावं. ट्राय-कॅच लावा आणि कॅचमध्ये रिकामी यादी परत करा. एकच ओळ आहे, हात लवकर बसतो.

थोरामोठ्यांचा कित्ता गिरवायचा असेल तर ओव्हरपास बघा. ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशातून माहिती उपसायचा हा एपीआय. क्वेरीत वेळमर्यादा आपणच लिहायची. न लिहिल्यास १८० सेकंद धरली जाते. समजा तुम्ही अख्ख्या महाराष्ट्रातल्या विहिरी मागितल्या आणि मर्यादा ठेवली दोन सेकंद. दोन सेकंद संपतात. येणारा कोड २०० असू शकतो. जेसन व्यवस्थित, सगळे कंस जागच्या जागी. ‘एलिमेंट्स’ची यादी रिकामी. आणि ‘रिमार्क’ नावाच्या एका रकान्यात बारीकशी ओळ: रनटाइम एरर, क्वेरीची वेळ संपली. ती ओळ वाचणारा प्रोग्राम मी फारसा पाहिलेला नाही. बाकीच्या सगळ्या प्रोग्रामांच्या लेखी महाराष्ट्रात एकही विहीर नाही. टँकरचं टेंडर काढायला एवढं पुरतं.

विकिडेटाची क्वेरी सेवा आणखी रंगतदार. तिथे एका क्वेरीला ६० सेकंद मिळतात. उत्तर मोठं असलं तर सगळं तयार होईपर्यंत सर्व्हर थांबत नाही, जसं मिळेल तसं धाडत राहतो. पण स्टेटस कोड उत्तराच्या सर्वांत आधी जातो. म्हणजे २०० केव्हाच निघून गेलेला असतो आणि गेलेला कोड परत बोलावता येत नाही. अशात वेळ संपली की अर्धवट जेसनच्या शेपटीला जावाचा भलामोठा स्टॅक ट्रेस येऊन चिकटतो. घेणारा प्रोग्राम म्हणतो, जेसन बिघडलंय. मग दिवसभर जेसनच्या पार्सरवर संशय, लायब्ररीची आवृत्ती बदलून बघणं, कोणीतरी एन्कोडिंगचं नाव घेणं. यात सर्व्हर लिहिणाऱ्याला दोष देता येत नाही, हे कबूल करावं लागेल. उत्तर वाहतं पाठवायचं ठरवलं की ‘झालं’ हा शब्द काम व्हायच्या आधी उच्चारावा लागतो. दोष असलाच तर तो शब्द ऐकून पुढचं न वाचणाऱ्याचा.

आता ग्राफक्यूएल. फेसबुकने २०१२ मध्ये घरच्यासाठी केला, २०१५ मध्ये जगाला दिला. एकाच क्वेरीत दहा गोष्टी मागता येतात, म्हणून एकाच उत्तरात सात मिळून तीन फसूही शकतात. त्यासाठी उत्तराचे दोन कप्पे केलेत: ‘डेटा’ आणि ‘एरर्स’. पुस्तक, लेखक आणि परीक्षणं मागितली आणि परीक्षणांचा सर्व्हर झोपला असेल, तर पुस्तक आणि लेखक येतात, परीक्षणांच्या जागी नल येतो, आणि ‘एरर्स’मध्ये कुठली वाट फसली ते ‘पाथ’खाली पायरीपायरीने लिहिलेलं असतं. रचना इतकी विचारपूर्वक आहे की तिचा बिमोड करायला खास प्रयत्न लागतील असं वाटेल. लागत नाहीत. फक्त ‘डेटा’ वाचा. परीक्षणं नल, म्हणून पडद्यावर ‘या पुस्तकावर अद्याप कोणीही परीक्षण लिहिलेलं नाही’ असं छापा. लेखकाची झोप उडेल, सर्व्हरची उडणार नाही.

त्याहून पुढे जायचं असेल तर स्कीमा लिहिताना प्रत्येक रकाना ‘रिकामा चालणार नाही’ असा जाहीर करून टाका. मग त्यातला एक फसला की त्याचा नल वरच्या पातळीवर चढतो. तिथेही रिकामं चालत नसेल तर आणखी वर. आणि शेवटी एका परीक्षणाच्या तारखेपायी अख्खा ‘डेटा’च नल होतो.

धडा तिसरा : संदेशलेखन

इथे दोन घराणी आहेत. पहिलं मौनाचं: ‘काहीतरी चुकलं आहे. कृपया नंतर प्रयत्न करा.’ नंतर म्हणजे कधी, आणि काय चुकलं, हे विचारायचं नाही. दुसरं घराणं सगळं ओकण्याचं: स्टॅक ट्रेस, फसलेली एसक्यूएल क्वेरी, टेबलांची नावं, सर्व्हरवरच्या फोल्डरचा पत्ता, लायब्ररीची आवृत्ती. वाचणाऱ्या वापरकर्त्याला यातलं काही कळत नाही. ज्याला कळतं तो तेच शोधत आलेला असतो, आणि त्याला आपल्या मदतीची गरज होतीच.

दोन्ही घराणी साधणारा कलावंत विरळा, पण अशक्य नाही: लॉगमध्ये ‘काहीतरी चुकलं’ आणि पडद्यावर स्टॅक ट्रेस.

या कलेला खरा धोका आहे आरएफसी ९४५७ चा. २०१६ च्या आरएफसी ७८०७ ची ही २०२३ मधली सुधारित आवृत्ती. एरर जेसनमध्ये कसा लिहावा याचे पाच साधे रकाने त्यात सुचवलेत: कुठल्या प्रकारची अडचण ते ‘टाइप’मध्ये, तिचं छोटं नाव ‘टायटल’मध्ये, ‘स्टेटस’मध्ये तोच आकडा, या खेपेला नेमकं काय झालं ते ‘डिटेल’मध्ये, आणि हीच घटना पुन्हा शोधता यावी म्हणून ‘इन्स्टन्स’. पाचही ऐच्छिक. प्रोग्रामने ‘टाइप’ बघावा, माणसाने ‘डिटेल’ वाचावं, अशी वाटणी. ही वाटणी मोडणं हे तुमचं काम. कोड देऊच नका, नुसतं वाक्य द्या. मग समोरचे प्रोग्रामर नाइलाजाने वाक्यावरच ‘इफ’ लावतील. आणि एके दिवशी तुमच्याकडचा कोणी सज्जन त्या वाक्यातलं स्पेलिंग सुधारेल, आणि चार कंपन्यांच्या ऑर्डरी अडकतील. मीडियाविकीत याचाही बंदोबस्त आहे: एररचा मजकूर मराठीत द्या असं क्वेरीतच सांगता येतं, मजकूर मराठी होतो, कोड मात्र होता तोच राहतो. तो प्रकार पाहून घ्यावा आणि विसरावा.

फॉर्म तपासताना एक पथ्य पाळा. पाठवलेल्या माहितीत सहा चुका असतील तर पहिली सापडताच थांबा आणि तेवढीच सांगा. ती सुधारून आली की दुसरी. सरकारी खिडकीवरचा जुना जाणता कारकून जसा एका खेपेला एकच कागद कमी असल्याचं सांगतो आणि अर्जदाराला झेरॉक्सवाल्याकडे सहा फेऱ्या मारायला लावतो, तसं. त्या कारकुनाला निदान चेहरे लक्षात राहायचे.

धडा चौथा : किरकोळ आकडे

४०१ चं नाव ‘अनऑथराइज्ड’, पण अर्थ ‘तू कोण ते मला कळलेलं नाही’. ४०३ म्हणजे ‘कळलंय, तरी नाही’. दोन्ही आलटूनपालटून वापरावेत. गिटहब खाजगी रिपॉझिटरीबद्दल परक्याने विचारल्यास ४०४ देतं, म्हणजे ती आहे हेसुद्धा कळू नये. हे शहाणपणाचं असल्यामुळे आपल्या अभ्यासक्रमात नाही. ४०२ पैसे भरण्यासाठी राखून ठेवलेला आहे आणि वर्षानुवर्षं राखूनच ठेवलेला आहे. ४५१ कायद्याने रोखलेल्या मजकुरासाठी. आकडा रे ब्रॅडबरी यांच्या कादंबरीवरून घेतलाय. ४१८ म्हणजे ‘मी चहाची किटली आहे’. १ एप्रिल १९९८ च्या एका आरएफसीत कॉफीच्या भांड्यांसाठी प्रोटोकॉल मांडला होता, त्यातली ही थट्टा. ती इतक्या सर्व्हरांत जाऊन बसली की २०२२ च्या आरएफसी ९११० ला हा आकडा दुसऱ्या कशाला देता येत नाही असं नोंदवावं लागलं. परीक्षेत विचारतात.

धडा पाचवा : मागणाऱ्याची बाजू

आतापर्यंत आपण एरर पाठवायला शिकलो. घ्यायला शिकणं त्याहून सोपं आहे: एरर आला की तीच क्वेरी लगेच परत पाठवायची. नाही म्हटलं तर परत.

४०० आला, म्हणजे क्वेरीच चुकीची आहे, तरी पाठवत राहा. सर्व्हरचं मन बदलू शकतं. ४२९ आला, म्हणजे ‘फार वेळा विचारताय’, तर ‘का?’ म्हणून आणखी दोनदा विचारा. हा आकडा २०१२ च्या आरएफसी ६५८५ मधला. त्याच्याबरोबर ‘रिट्राय-आफ्टर’ हेडर असू शकतो आणि त्यात किती थांबायचं ते लिहिलेलं असतं. तो वाचणारे लोक आहेत. आधी एक सेकंद थांबतात, मग दोन, मग चार, मग आठ, आणि वर थोडा यादृच्छिक वेळ मिसळतात, म्हणजे सगळे क्लायंट एकाच क्षणी परत दारात यायला नकोत. तुमच्या हजार क्लायंटांनी बरोबर पाच-पाच सेकंदांनी एकदम यावं. नुकताच उठून बसलेला सर्व्हर त्यातून सावरला तर तो प्रॉडक्शनच्या लायकीचा समजावा.

खरी बहार टाइमआउटमध्ये. टाइमआउट हे उत्तर नाही. उत्तर आलं नाही एवढंच त्यातून कळतं. क्वेरी पोचली नसेल, पोचून फसली असेल, किंवा काम चोख झालं असेल आणि फक्त पावती वाटेत हरवली असेल. नुसतं वाचायचं असेल तर दुसऱ्यांदा विचारण्यात काही जात नाही. एचटीटीपीत गेट, पुट आणि डिलीट यांचा अर्थच असा ठरवलाय की पुन्हा केलं तरी सर्व्हरवरचा परिणाम तोच. पोस्टला असं वचन नाही. आणि पैसे बहुधा पोस्टने जातात.

यूपीआय वापरणाऱ्या कोणालाही ही अवस्था समजावून सांगावी लागत नाही. खात्यातून रक्कम वजा झाल्याचा एसएमएस आलाय, दुकानदाराचा स्पीकर गप्प आहे, पडद्यावर ‘पेंडिंग’, मागे रांग. इथे घाबरून दुसऱ्यांदा स्कॅन करणारा माणूस आणि टाइमआउटवर डोळे मिटून रिट्राय करणारा प्रोग्राम एकाच शाळेत शिकलेले असतात. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात या अधांतरी अवस्थेला रीतसर मुदत घातली: यूपीआयने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे वजा झाले पण पोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत, उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई. एररची किंमत इतक्या स्वच्छ आकड्यात लिहिलेली फार ठिकाणी सापडणार नाही. प्रोग्रामरांचा उपाय वेगळा: प्रत्येक मागणीबरोबर एक एकमेव खूण पाठवायची, म्हणजे तीच खूण पुन्हा आली तर सर्व्हर काम दुसऱ्यांदा न करता आधीचंच उत्तर देतो. तिला ‘आयडेम्पोटन्सी की’ म्हणतात. उच्चार जमेपर्यंत पुष्कळांचे पैसे दोनदा गेलेले असतात.

धडा सहावा : तक्रार

एपीआय चालत नसल्याचं कळवताना ‘एपीआय चालत नाहीये’ एवढंच कळवावं. कुठला एंडपॉइंट, काय पाठवलं, काय आलं, काय यायला हवं होतं, हे समोरच्याने ओळखायचं असतं. त्याला त्याचाच पगार मिळतो. स्क्रीनशॉट जोडायचा असेल तर मोबाइलने मॉनिटरचा फोटो काढा, यूआरएल कापली जाईल असा, आणि व्हॉट्सॲपवर टाका. रिस्पॉन्सच्या हेडरमध्ये एखादा रिक्वेस्ट आयडी असेल तर तो पाठवू नका. त्या एका ओळीने लॉगमधली नेमकी नोंद मिळते आणि दोन दिवसांचा पत्रव्यवहार वीस मिनिटांत आटोपतो.

वेळ सांगताना ‘सकाळी’ म्हणा. फारच खनपटीला बसले तर ‘साडेदहाला’. लॉग यूटीसीत असतात, आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे. त्यामुळे शोधणारा साडेदहाच्या नोंदी उघडून, म्हणजे आपल्या दुपारी चारच्या, तिथे सगळं ठीक असल्याचं प्रामाणिकपणे कळवेल. तुम्ही पाचच्या नोंदी बघा म्हणालात तर पहाटे पाचला कोण काम करत होतं यावर चर्चा होईल.

याउलट कोणी कर्लची अख्खी आज्ञा मागितली, तर ती जशीच्या तशी सार्वजनिक तिकिटावर चिकटवा, ऑथरायझेशनच्या टोकनसकट. आपण मोकळ्या मनाचे आहोत हे दिसतं, आणि टोकन किती लवकर दुसऱ्याच्या कामी येतं तेही कळतं.

आणि तक्रार तुमच्याकडे आली तर? पहिलं उत्तर पाठ करून ठेवा: ‘माझ्याकडे चालतंय.’ हे नेहमी खरं असतं. तुमच्याकडच्या डेटाबेसमध्ये तीन ओळी आहेत, त्यांतल्या दोन ‘टेस्ट’ नावाच्या. दुसरं उत्तर: ‘कॅशे क्लिअर करून बघा.’ तिसरं येईपर्यंत तक्रार करणाऱ्याने बहुधा नोकरी बदललेली असते.

स्वाध्याय

१) कारणे द्या : सर्व्हर बंद असताना डॅशबोर्ड हिरवा होता.

२) जोड्या लावा : ४०१, ४०३, ४२९, ५०३ — ‘थोडं थांब’, ‘कोण तू?’, ‘मीच आडवा झालोय’, ‘ओळखलं, पण नाही’.

३) ‘एलिमेंट्स’ची यादी रिकामी आहे आणि ‘रिमार्क’ आहे. महाराष्ट्रात विहिरी किती? (उत्तर आकड्यात लिहिणाऱ्यास शून्य गुण.)

४) पुढील संदेश सुधारून पुन्हा लिहा : ‘एरर : एरर’.

उत्तरपत्रिका परीक्षा शुल्कासह पोस्टने, म्हणजे एचटीटीपीच्या, पाठवावी. टाइमआउट आल्यास पोच मिळेपर्यंत पाठवत राहावी. आलेल्या सर्व प्रती तपासल्या जातील आणि सर्व प्रतींचं शुल्क कापलं जाईल.